रिंग सैल पडली!

“रायफलीवर दुर्बीण बसवायची? त्यात काय आहे! दोन रिंगा, मूठभर स्क्रू, आणि कॉफी निवायच्या आत काम फत्ते!”

आउट्यो गावातल्या ब्रुमरच्या बंदुका-अवजारांच्या दुकानात, शनिवारच्या ऐन गर्दीत, स्टॉफेल नॉर्टिएनं छाती फुगवून हे जाहीर केलं. वय एकोणसत्तर, पण आवाज असा की मागच्या फळीवरची घमेली वाजली!

गेल्या हिवाळ्यात त्याची रायफल गाडीतून खडकावर पडली आणि जुन्या दुर्बिणीचा चक्काचूर झाला. नवी दुर्बीण आत्ता कुठे आली, पण तिची नळी जाड, त्यामुळे ती रायफलीवर धरून ठेवणाऱ्या जुन्या रिंगा बसेनात. आणि दुर्बिणीशिवाय स्टॉफेलला आता शंभर पावलांवर हरीण आणि झुडूप सारखंच दिसायचं. चर्चच्या जत्रेला दरवर्षी नॉर्टिएंच्या शेतावरून शिकार केलेला एक इलांड जायचा. इलांड म्हणजे बैलाएवढं हरीण! ती प्रथा हेस्टरनं, म्हणजे त्याच्या बायकोनं पाडलेली. हेस्टर ऑगस्टात गेली. यंदा इलांड गेला नाही, तर हेस्टरबरोबर तिची प्रथाही पुरल्यासारखं होईल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

ब्रुमर बिचारा समजावत होता. “काका, तुमची थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह रायफल खेचरासारखी लाथ मारते. पोलादी रिंगा घ्या, रायफलीवरच्या बैठकीत घट्ट अडकणाऱ्या. तुमची नळी किती जाड आहे?”

“नळीएवढी!”

“आणि स्क्रूंना तेल लावू नका. रिंगा आतून पुसून अगदी कोरड्या करा. दुर्बीण डोळ्यापासून चार बोटं लांब...”

“अरे, तू रांगत होतास तेव्हापासून माझ्या रायफलीवर दुर्बिणी चढतायत!”

हे वाक्य शब्दन् शब्द खरं होतं. चढत होत्याच. चढवत होती हेस्टर! बंदुका दुरुस्त करणाऱ्याची मुलगी ती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायची, चष्मा नाकावर ओढायची, आणि तिकडे कॉफी उकळतेय तोवर इकडे काम संपलेलं. स्टॉफेलनं चाळीस वर्षं फक्त कॉफी प्यायली आणि गावभर शाबासकी घेतली. हे गुपित दोघांतच आहे अशी त्याची पक्की खात्री होती. आता तर एकट्यातच.

त्यानं सगळ्यात हलक्या, सगळ्यात चकचकीत रिंगा उचलल्या आणि ऐटीत निघाला.

सोमवारी सकाळी त्यानं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. कॉफी चढवली. स्क्रू जरा कुरकुरत होते, म्हणून तेल सोडलं. थोडं रिंगांतही सोडलं, कंजुषी कशाला! चार बोटांवरून नीट दिसेना, म्हणून दुर्बीण ओढत ओढत पार डोळ्यापाशी आणली. आता कसं आरशासारखं लख्ख! कॉफी मात्र उतू गेली. ती उतरवायला पूर्वी कोणीतरी असायचं.

मग गोठ्यामागे बाकावर रेतीची पिशवी ठेवून त्यानं लाकडी फळीवर नेम धरला आणि चाप ओढला.

धडाम!

रायफल मागे आली. तेल प्यायलेल्या रिंगांत दुर्बीण डगमगली, आणि ती होती डोळ्याला खेटून! तिच्या काठानं भुवईवर असा ठोसा हाणला की स्टॉफेल बाकावरून उलटा पडला. भुवईवर अर्धचंद्र उमटला आणि रक्ताची धार दाढीपर्यंत आली.

नेमकी त्याच वेळी शेजारच्या शेतावरची लेनी अंडी घेऊन फाटकातून आत येत होती. विधवा बाई, हेस्टरची जिवाभावाची मैत्रीण. तिनं बार ऐकला. मग बंदुकीशेजारी उताणा पडलेला, रक्तानं माखलेला स्टॉफेल पाहिला. अंडी गेली धुळीत!

“स्टॉफेल! अरे काय केलंस हे!”

स्टॉफेल अर्धवट शुद्धीत पुटपुटला, “रिंग... रिंग सैल पडली, लेनी. तिनं धरून ठेवलंच नाही...”

“देवा रे!” लेनीनं त्याच्या बोटातल्या लग्नाच्या अंगठीकडे पाहिलं आणि हंबरडा फोडला. तशीच घरात धावली आणि फोन उचलला. “पाद्रीबाबा, लवकर या! स्टॉफेलनं स्वतःवर गोळी झाडली! हेस्टरच्या दुःखानं! म्हणतोय, तिनं धरून ठेवलं नाही!”

तासाभरात अंगणात नऊ गाड्या. कोणी दुधाची गोड टार्ट आणली, कोणी मटणाचं भांडं, कोणी नुसतेच डोळे पुसत आलं. स्टॉफेल डोक्याला टॉवेल गुंडाळून खुर्चीत, आणि गुडघ्यावर बसलेले पाद्रीबाबा त्याचे हात घट्ट धरून.

“स्टॉफेल, दुःख बोलून टाक. मनात ठेवू नकोस.”

“अहो, दुःख कसलं! रिंगा!”

“हो रे बाबा, रिंगच. आम्ही समजू शकतो.”

“डोंबल समजताय! दुर्बिणीच्या रिंगा! मी तेल लावलं!”

पाद्रीबाबा हळूच उठले. बाहेर जाऊन रायफल पाहून आले. मग त्यांनी कपाळावरचे केस वर केले. भुवईवर जुना, पुसटसा अर्धचंद्र!

“माझा एकोणनव्वद सालचा,” ते म्हणाले. हास्याचा असा स्फोट झाला की कोंबड्या छपरावर चढल्या.

“पण तू बसवायला गेलासच कशाला?” हसता हसता लेनी बोलून गेली. “सगळं हेस्टर करायची ना!”

स्टॉफेलचा चेहरा उतरला. “कोण म्हणतं?”

“अरे, अख्ख्या गावाला ठाऊक आहे! माझ्या नवऱ्याची दुर्बीणसुद्धा तिनंच बसवलेली. मला म्हणायची, ‘तुम्हाला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नका हं. मिरवू दे त्याला. मिरवताना फार छान दिसतो तो.’”

स्टॉफेलनं एकदा टेबलावरच्या तेलकट वर्तमानपत्राकडे पाहिलं. मग तोंडावर टॉवेल ओढला आणि हमसून हमसून रडला. दफनाच्या दिवशी त्याच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं, आता मात्र थांबेना. कोणी त्याला थांबवलंही नाही. लेनी फक्त पाठीवर हात ठेवून बसली.

दुसऱ्या दिवशी भुवईला पाच टाके मिरवत तो ब्रुमरच्या दुकानात उभा राहिला. गर्दी होती, तरी आवाज खाली.

“मला यातलं काही येत नाही, ब्रुमर. पहिल्यापासून सांग. हात मात्र लावू नकोस, बसवणार मीच.”

अडीच तास लागले. पोलादी रिंगा. स्पिरिटनं पुसलेले स्क्रू. गाल दस्त्याला लावायचा, डोळा मिटायचा, उघडायचा, पूर्ण वर्तुळ दिसलं तरच पुढे. मग एकदा इकडचा स्क्रू, एकदा तिकडचा, थोडा थोडा. दोनदा चुकलं, दोनदा सगळं सोडून पुन्हा बसवलं. त्या कॉफी उकळण्याएवढ्या वेळात हेस्टरचे हात काय काय करत होते, ते त्याला चाळीस वर्षांनी कळलं.

गुरुवारी इलांड पहिल्याच गोळीत पडला.

शनिवारी जत्रेत मांस भाजण्याचा धूर सुटला होता. कोणीतरी ओरडलं, “वा, स्टॉफेलकाका! काय नेम! दुर्बीण कोणी बसवली?”

स्टॉफेल ताठ उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा खरं उत्तर त्याच्याजवळ होतं.

“मी!”

“हो हो काका! तुम्हीच!” म्हणत सगळ्यांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या आणि ब्रुमरचं अभिनंदन करायला निघून गेले.