चूल बंद व्याख्यान

आमच्या घराण्यात कार्यक्रम यशस्वी करण्याचं डोकं एकट्या माझ्याकडे आहे! दहावीत असले म्हणून काय झालं? त्यामुळे नूतनताईचा रडका फोन आला तेव्हा मी जराही डगमगले नाही.

नूतनताई म्हणजे माझ्या काकांची मुलगी. धुळ्याच्या तंत्र विद्यापीठात रोबोटिक्स शिकवते, पण नोकरी अजून कच्ची. तिथली व्याख्यानं आणि स्नेहमेळावे तिच्याच गळ्यात. मागच्या व्याख्यानाला मंचावर माणसं जास्त आणि समोर कमी होती! वक्त्यांनी शेवटी खुर्च्यांचे आभार मानले.

"दिपू, शनिवारी हॉल भरला नाही तर नोकरी गेली. संचालक साहेबांनी तोंडावर सांगितलंय!"

"विषय काय?"

"कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं जग."

"आणि नंतर?"

"भरीत-पुरी."

"मग विषय कशाला सांगत बसायचं? सगळ्यांना खुलं आहे ना? मी गाव आणते!"

गावात आवतन देण्याचं काम झुलाल आबांचं. लग्न असो की बारसं, मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून आवाज त्यांचाच. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "पोर, घरटी एक, का चूल बंद?"

घरटी एक म्हणजे घरातून एकच माणूस. चूल बंद म्हणजे त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही. म्हाताऱ्यापासून रांगत्या पोरापर्यंत बठ्ठे जेवायला हजर! आता ताईच्या नोकरीचा प्रश्न असताना मी कंजुषी करू?

"चूल बंद!" मी ठणकावलं.

शनिवारी विद्यापीठाच्या फाटकातून ट्रॅक्टर शिरायला लागले. रखवालदाराला वाटलं, मोर्चा आला! हॉल असा भरला, जणू कापसाची गाडी. संचालक साहेब खूश, ताई खूश, आणि वक्ते? त्यांनी जन्मात एवढी माणसं एकत्र पाहिली नव्हती. त्यांचे डोळेच भरून आले आणि ते थांबेनात!

उठून जायचं कोणी? घरी चुली थंड. "पोर, हाऊ मानूस कव्हय बसी?" वक्ते खाली कधी बसणार म्हणून वच्छलाबाई अक्का मला ढोसत होत्या. पुना नाना तर वक्त्यांनी श्वास घेतला की टाळ्या पिटायचे. वाटायचं, आता संपलं. वक्त्यांना वाटायचं, दाद मिळतेय! ते आणखी पुढे.

शेवटी एकदाचं जग संपलं, आणि पंगत बसली. भरीत होतं फक्त पाहुण्यांपुरतं! त्यात व्याख्यानाला न फिरकलेले विद्यार्थी वासावर बरोबर उतरले. प्राध्यापक मंडळी रिकाम्या ताटल्या घेऊन भांबावलेली. संचालक साहेबांच्या वाट्याला नुसता कांदा!

"मॅडम, हे काय चाललंय?" ते ताईवर गरजले.

ताई पांढरी फटक. मी खांबाआड.

तेवढ्यात अक्कांनी पदर खोचला. "रडू नको वं, नूतन. आमनी चूल बंद शे, हात बंद नहीत!" बाजारातून वांगी आली. भाजायला कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या कुठून आणणार? मग वर्कशॉपमधली भट्टी पेटवली. उद्घाटनाची फीत कापल्यापासून ती पहिल्यांदाच तापली! विद्यार्थी काजळी पुसत वांगी उलटायला लागले. वर्षाचं पहिलं प्रात्यक्षिक झालं!

संचालक साहेब ताटाला नाक लावून जेवले. बोटं चाटत म्हणाले, "मॅडम, कार्यक्रम असा पाहिजे!"

बातमीही छापून आली: 'कृत्रिम बुद्धिमत्तेवरील व्याख्यानास अभूतपूर्व प्रतिसाद'. फोटोत वक्ते नव्हते. अक्का होत्या, परात घेऊन.

आणि ताईची नोकरी? पक्की झाली हो! एकदम कायमची! फक्त रोबोटिक्सचे तास दुसऱ्याला दिले आणि ताईला भोजन समितीची प्रमुख केलं.

तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. कामात असेल बिचारी. सध्या वांगी महाग झालीत ना!