नेटके गेले, नेटके आले

एका जंगलात, बाळांनो, वाघ होता, हत्ती होता, कासव होतं, आणि सगळ्यांना पुरून उरणारी एक खानावळ होती. कुठलं जंगल, असं विचारू नका. मी सांगतोय ना? मग असणारच.

खानावळीचं नाव जांभूळकट्टा. ती चालवायची इंदूआक्का नावाची अस्वलीण. तिच्या हाताखाली धोंडूतात्या हा ससा वेटर होता. ऐंशी जनावरांची ऑर्डर तोंडपाठ ठेवायचे आणि एकाचंही ताट चुकवायचे नाहीत. केस पिकले होते, पण सशाचे पिकलेले केस ओळखायचे कसे? असो.

या खानावळीमुळे जंगल सुखात होतं. कारण वाघोबाला आक्काच्या भरल्या वांग्यांचं वेड लागलं होतं. त्याने शब्द दिला होता, "दुपारी बाराला गरम ताट समोर आलं, तर मी कुणाच्या केसाला धक्का लावणार नाही. मात्र बारा वाजून पाच मिनिटं झाली की समोर जो उभा असेल तो माझा."

आता समोर कोण उभा असणार? वेटर. त्यामुळे धोंडूतात्या घड्याळाला फार मानायचे.

मग एके दिवशी कोल्हा आला. तो स्वतःला सल्लागार म्हणवून घ्यायचा. सगळे त्याला कोल्हेसर म्हणायचे.

"आक्का," कोल्हेसर म्हणाले, "तुम्ही अजून ओरडून ऑर्डर देता? शी!"

"मग काय करू? कानात सांगू?"

"नेटवरून घ्या!"

झालं. झाडाझाडांवरून वायर आली. भिंतीवर हिरव्या दिव्याचा डबा लागला. गिऱ्हाइकाने टेबलावरच्या काळ्या चौकटींचा फोटो काढायचा, मोबाईलवर वांगी निवडायची. मग ती ऑर्डर सात डोंगर ओलांडून कुठेतरी जायची, आणि तिथून परत सहा पावलांवरच्या स्वयंपाकघरात यायची. ऑर्डर स्क्रीनवर आल्याशिवाय आचारी साळिंदर पळीला हात लावेना. मीठ किती, तेही स्क्रीनच सांगायची. महिन्याभरात आक्का स्वतः विसरली.

"मीठ?" ती म्हणायची. "ते मोबाईलला माहीत."

आणि एका मंगळवारी, सकाळी साडेअकराला, डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला.

साळिंदराने स्क्रीनला टिचकी मारली. स्क्रीनवर एक चाक नुसतं गरागरा फिरत होतं. आक्काने कंपनीला फोन लावला. पलीकडे पोपट होता. "आपण रांगेत आहात," तो म्हणाला. "कितवी?" आक्काने विचारलं. "आपण रांगेत आहात," पोपट म्हणाला.

धोंडूतात्यांनी घड्याळ पाहिलं, आपल्या दोन कानांकडे शेवटचं पाहून घेतलं आणि ते धावत दारात आले.

"नेट गेलं हो! नेट गेलं! आता मी काही वाचत नाही!"

दारासमोर नाना कासव ऊन खात बसले होते. नानांना कमी ऐकू यायचं, पण ऐकलेलं सांगायची हौस दांडगी होती.

"काय?" नाना म्हणाले. "नेटके गेले?"

आणि नाना उठले. जन्मात पहिल्यांदाच लगबगीने गेले. एरवी संध्याकाळपर्यंत पोचली असती ती बातमी पंधरा मिनिटांत साऱ्या जंगलात पोचली. नेटके गेले. जांभूळकट्ट्यावरचे नेटके.

हे नेटके कोण, हे कुणीच विचारलं नाही. बाळांनो, आपल्याकडे तसं विचारत नाहीत. गेलेल्या माणसाला आपण ओळखत नव्हतो म्हणणं बरं दिसत नाही. सगळे चेहरे पाडून कट्ट्यावर जमले.

आक्का कपाळाला हात लावून बसली होती. घोरपडकाकू तिच्याजवळ टेकल्या.

"कसं झालं हो एकाएकी?"

"सकाळी चांगलं चाललं होतं," आक्का म्हणाली. "मग मंदावलं. मग नुसतं गरगरायला लागलं. तात्यांनी दोनदा बंद करून चालू केलं. नाहीच आलं."

"बंद करून चालू?" काकू हत्तीच्या कानात म्हणाल्या. "हल्ली उपचार म्हणून काय वाट्टेल ते करतात."

"याआधी कधी असं?" त्यांनी आक्काला विचारलं.

"अहो, अधूनमधून जायचंच. पण परत यायचं. पावसाळ्यात तर दिवसातून चारदा."

हत्तीने डोळे पुसले. चारदा जाऊन परत येणारा माणूस म्हणजे केवढा चिवट!

"गेल्याच आठवड्यात भेटले होते मला," नाना म्हणाले. "स्वतःहून ओळख दाखवली."

आणि बरोबर बाराच्या ठोक्याला वाघोबा आला.

"ताट!" वाघोबा म्हणाला.

आक्काने साळिंदराकडे पाहिलं, साळिंदराने स्क्रीनकडे पाहिलं, चाक फिरतच होतं. धोंडूतात्या टेबलाशी उभे राहिले. तीस वर्षांची सवय, पाय आपोआप तिथेच गेले.

बारा वाजून एक. बारा वाजून तीन. वाघोबाने नख्या बाहेर काढल्या. बारा वाजून पाच.

"तात्या," वाघोबा म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका."

"शूऽऽ!" नाना खेकसले. "जरा लाज बाळगा! इथे नेटके गेलेत, आणि तुम्हाला जेवणाचं पडलंय?"

वाघोबाने घाईघाईने नख्या आत ओढल्या. "गेले? कधी?"

"साडेअकराला."

"अरेरे." तो धोंडूतात्यांकडे वळला. "जवळचे होते?"

तात्यांना काही कळेना. पण समोर जबडा होता, आणि तो मिटलेला होता. तो मिटलेलाच राहावा एवढं त्यांना कळत होतं.

"सगळं त्यांच्यावरच चालायचं, वाघोबा," ते म्हणाले. अगदी खरं सांगितलं, हं!

आता त्या जंगलातही रीत आपल्यासारखीच. दुःखाच्या घरी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी घेऊन यायचं. तसं ते आलंच. हत्तिणीने टोपलंभर भाकरी आणल्या. माकडिणीने पिठलं, घोरपडकाकूंनी ठेचा. कोणाच्या पिठल्यात गुठळ्या, कोणाच्यात लसूण जास्त. सगळे एका पंक्तीला बसले. वाघोबाने अकरा भाकरी खाल्ल्या, आणि पाण्याचा तांब्या रिकामा करून दोन शब्द बोलायला उभा राहिला.

"नेटके आणि मी," तो छातीवर पंजा ठेवून म्हणाला, "शिकारीला बरोबर जायचो. निम्मं ते मला द्यायचे."

सगळे हुंदके देऊ लागले. आक्कासुद्धा. आतापर्यंत तिलाही वाटायला लागलं होतं, नेटके गेलेच असणार.

इतक्यात आतून साळिंदर किंचाळला, "नेट आलं! नेट आलं!"

"नेटके आले!" नाना ओरडले.

आणि त्याच क्षणी अडकलेले सगळे निरोप एकदम सुटले. साठ मोबाईल एकाच वेळी थरथरले, वाजले, चमकले. पत्रावळी उडाल्या. हत्ती टेबलाखाली शिरला, म्हणजे टेबल हत्तीवर चढलं. वाघोबा सर्वांच्या पुढे होता. एका उडीत ओढा, दुसऱ्या उडीत टेकडी. कट्ट्यावर त्याच्या तीन मिशा तेवढ्या राहिल्या.

जंगलात दिवाळी झाली. पण दुसऱ्या दिवशी पावणेबाराला स्क्रीनवर एक ऑर्डर आली.

"वाघोबा. टेकडीपलीकडे. घरपोच. ताट धोंडूतात्यांनीच आणावं. येताना पोटभर जेवून यावं."

"बघा आक्का!" कोल्हेसर आनंदाने नाचले. "धंदा टेकडीपलीकडे गेला! आता नेट क्षणभरही जाता कामा नये!"

धोंडूतात्यांनी ताट वाढून घेतलं. शांतपणे मागच्या दाराने बाहेर पडले. जांभळाच्या झाडामागे वायर जमिनीलगत गेली होती. सशाला दात कशासाठी दिलेत, हे त्यांना वयाच्या मानाने उशिरा कळलं.

तेव्हापासून त्या जंगलात रोज साडेअकराला नेट जातं. कंपनीची माकडं येतात, डोकं खाजवतात, दीड वाजता वायर जोडून जातात. जेवणाच्या वेळी वाघोबाची ऑर्डर येतच नाही, आणि नेटक्यांच्या भीतीने तो स्वतः कट्ट्यावर फिरकत नाही. तोवर आक्का स्वतः वांगी परतते आणि मीठ चिमटीने घालते. कधी जास्त होतं. नाना म्हणतात, नेटक्यांना असंच आवडायचं.

वाघोबा शेवटी लांबच्या दुसऱ्या जंगलात राहायला गेला. तिथल्या खानावळीत नेट म्हणे कधी जातच नाही. फक्त वेटर टिकत नाहीत.

तात्पर्य: खानावळीत नेट अगदी भरवशाचं असावं. साडेअकरा म्हणजे साडेअकरालाच जाणारं.