एकविसावे काटवटे

दांडिया बाजारातल्या दिनकरकाका काटवट्यांकडे गणपतीच्या आरतीनंतर लगेच मोदक मिळत नाही. आधी यादी ऐकावी लागते.

यादी म्हणजे जगात नाव काढलेल्या काटवट्यांची. संस्थानच्या फौजेत बिथरलेला हत्ती शांत करणारे काटवटे, नागपूरला हातभर लांब कारलं पिकवणारे काटवटे, पुण्याच्या दुर्बीणवाल्या काटवटेबाई. अशी वीस नावं, शिक्षण आणि राहण्याच्या ठिकाणासकट! चोरीच्या बातमीत कुणी काटवटे निघालाच, तर काका म्हणतात, "छापण्यातली चूक आहे."

मी लातूरकडचा. इथे गोरव्याच्या कारखान्यात लेथ मशीनवर कामाला लागलो आणि खोली शोधत इथे आलो. आडनाव सांगताच काकांनी स्वतः माझी पिशवी उचलून आत नेली.

"काटवटे? मग भाई, बाहेर कशाला उभा? शिक्षण?"

"चालू आहे," मी म्हणालो.

खरं तर शाळा नववीतच सुटलेली. खोटं उघडं पडलं तर पिशवी पुन्हा बाहेर येईल, या धास्तीनं काकांच्या हातचं गरम वरण आठ महिने घशाखाली नीट उतरलं नाही.

यंदा गणपती बसायच्या आदल्या दिवशी इमारतीच्या पाण्याच्या मोटरचा शाफ्ट तुटला. बाजारात तसला मिळेना. कारखान्याच्या शेठना विचारून मी लेथवर नवा तयार केला. संध्याकाळी तिन्ही मजल्यांवर पाणी!

दुसऱ्या दिवशी आरती झाली. काकांनी चष्मा चढवला. शेजारचे पटेलभाई मोदकांवर नजर ठेवून म्हणाले, "काका, ए ज वीस ने? तीच नावं! जलदी करो!"

"यंदा एकवीस!" काका गरजले, आणि त्यांनी माझं नाव वाचलं.

मी पुढे झालो. "काका, थांबा. मी खोटं बोललो. शाळा नववीतच सोडली मी."

काकांनी कागद माझ्या हातात दिला. "वाच की. 'शिक्षण: नववी.' तुझ्या आईनं पहिल्याच महिन्यात फोनवर सांगितलं होतं. अरे, आपले हत्तीवाले तर अंगठा उठवायचे!"

हशा, टाळ्या. पटेलभाईंनी माझ्या तोंडात अख्खा मोदक कोंबला.

मी पुढचा रकाना पाहिला. राहण्याचं ठिकाण. तिथे माझं गाव असेल असं वाटलं होतं.

काकांनी लिहिलं होतं, 'आमच्या घरी.' काकू गेल्यापासून त्या घरात 'आमच्या' म्हणायला दुसरं कुणीच नव्हतं.