नऊ मिनिटांचे सर

"अहो, कपाटाशी काय बोलताय?" बायकोने विचारले.

"दहावीला शिकवतोय," कपाटातून आवाज आला.

"मग त्या दहावीतून माझा टॉवेल तेवढा काढून द्या."

सरांनी टॉवेल दिला, मोबाइल पुन्हा चादरींच्या घडीवर टेकवला आणि कविता पहिल्यापासून सुरू केली. कपड्यांत तोंड घातले की बाहेरचा गोंगाट येत नाही, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि मुख्याध्यापिकांनी निक्षून सांगितले होते, "सर, धडे रेकॉर्ड करून मुलांना पाठवा. सहामाहीपर्यंत अभ्यासक्रम संपला नाही, तर दहावी मी खेळाच्या सरांना देईन. ते भराभर उरकतात."

दहावी गेली, तर सरांजवळ काहीच उरणार नव्हते. शिक्षकांच्या खोलीत त्यांचे वाक्य कुणी पुरे होऊ देत नसे. घरी ते स्वतःच पुरे करत नसत. त्या एका वर्गात मात्र एकतीस मुले त्यांचे ऐकत. निदान उठून जात नसत.

मुले त्यांना 'बहुधासर' म्हणत. त्यात खोटे काही नव्हते. "कवी इथे बहुधा दुःखी असावा. कारणं तीन असतील, किंवा चारही असतील. माझं चुकतही असेल," असे म्हणून ते खोकत, चष्मा पुसत आणि आधीच्या वाक्याबद्दल माफी मागत. जित्याची खोड कपाटातही गेली नाही. एक कविता बेचाळीस मिनिटांची झाली.

सोबत शाळेला एक तक्ता भरून द्यायचा होता. 'विद्यार्थ्यांच्या सर्जनशीलतेला वाव दिला का?' खोटे 'हो' लिहायचे सरांच्या जिवावर आले, म्हणून त्यांनी आधी मुलांना निरोप धाडला : 'जमल्यास, माझ्या धड्याचं मोबाइलवर तुम्हाला हवं ते करा.' चार चित्रे येतील, अशी त्यांची समजूत होती.

आले ते एकच रेकॉर्डिंग. सगळ्या वर्गाने मिळून केलेले. बहुधा, असावा, खोकला, माफी, सगळे कापून टाकलेले. बेचाळीस मिनिटांतून नऊ मिनिटे शिल्लक होती.

"कवी दुःखी," सरांचा आवाज गरजला. "कारणं तीन."

बायको हात पुसत बाहेर आली. "कोण आलंय?"

"मीच आहे."

"छे! हा माणूस तर ठामपणे बोलतोय. तुम्ही मला पसंत केलंत, तेसुद्धा 'बहुधा' लावून."

मग गाडी थांबेना. सर कपाटात एक धडा भरत, संध्याकाळपर्यंत मुले तो सोलून ठेवत. सोललेले सर शेजारच्या तुकडीत गेले, तिथून पालकांकडे. एका वडिलांनी तर रस्त्यात गाठून सांगितले, "सर, समोरासमोर तुम्ही असे का नसता हो?" सरांनी माफी मागितली. महिन्याभरात अभ्यासक्रम संपला. चाचणीत एकतीसच्या एकतीस मुलांनी लिहिले, 'कारणे तीन.'

सर पेपर तपासत बसून राहिले. चौथे कारण त्यांचे सगळ्यांत आवडते होते. ते त्यांनी सगळ्यांत घाबरत सांगितले होते, म्हणून मुळासकट गेले होते.

मुख्याध्यापिकांनी बोलावून अभिनंदन केले.

"मॅडम, ते मी नाही," सर म्हणाले.

"आवाज तुमचाच आहे."

"आवाज माझा. ठामपणा मुलांचा. मला एकदा वर्गात जाऊन चौथं कारण सांगू द्या."

"काय होतं ते?" मॅडमनी घड्याळाकडे पाहत विचारले.

"म्हणजे... कवीचं बोलणं पुरं होईपर्यंत कुणी थांबलं..."

"परीक्षेत येतं का हो ते?"

"बहुधा नाही."

"झालं तर मग! आता उजळणी रेकॉर्डिंगच घेईल. तुम्ही फक्त मागे बसा, मुलं दंगा करतात. मध्ये बोलू नका म्हणजे झालं."

"म्हणजे वर्ग खेळाच्या सरांना दिला?"

"छे हो! वर्ग तुमच्याकडेच आहे."

दुसऱ्या दिवशी सर शेवटच्या बाकावर बसले. गुडघे बाकात मावत नव्हते. भिंतीवरच्या स्पीकरमधून ते स्वतः खणखणीत बोलत होते आणि वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. अशी शांतता त्यांना उभ्या हयातीत मिळाली नव्हती.

"कवी गप्प का राहिला?" स्पीकरने विचारले.

इकडेतिकडे पाहून सरांनी हळूच हात वर केला.

शेजारच्या मुलीने वहीतून मान वर न करता त्यांची बाही ओढली.

"सर, हात खाली घ्या," ती कुजबुजली. "ते कुणालाच विचारत नाहीत."