काशीराम सारंगांच्या पिस्तुलाची उंबरठ्यावरील परीक्षा

श्रीभैरी प्रसन्न. शके अठराशे एकावन्न, शुक्लनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, रत्नागिरीनजीक मिऱ्या गावी जे घोर प्रकरण उभे राहिले, आणि ज्यात घर, अब्रू व आठ महिन्यांची नात ऐशी तिन्ही बचावली, त्याची हकिकत जैसी घडली तैसी लिहितो. पदरचे अक्षर घातलेले नाही.

राजमान्य राजश्री काशीराम सारंग यांनी तीस वर्षे आगबोटीच्या खलाशांवर हुकमत गाजविली, आणि मग घरी बसले. परंतु घरी हुकूम ऐकावयास कोणी उरेना. इतक्यात बिबळ्याने परसात शिरून एक पाडी व राखणीचा कुत्रा गारद केला. मग सारंगांनी कचेरीत खेटे घालून परवाना मिळविला, आणि खासा मुंबईस कूच केले, आणि विलायती पिस्तूल पैदा करून बोटीने बंदरी उतरले, आणि छाती काढून घरी दाखल जाहले.

तेथे त्यांचे कुटुंब सावित्रीबाईसाहेब उंबरठा अडवून उभ्या. पाठीशी सून गोदा, आणि गोदेच्या पायाशी रांगती नात, जी हाती लागेल ती चीज तोंडात घालण्यात मशहूर. बाईंचा हुकूम सुटला की, हत्यार आत येणार नाही. सारंगांनी अर्ज गुदरला की, यास कळ आहे, कळ लावली की घोडा जागचा हलत नाही, ऐसे दुकानदाराने शपथेवर सांगितले आहे. बाईंनी दुकानदाराची शपथ नामंजूर केली.

मग तोड निघाली की, शेजारचे धोंडू हवालदार, जे जर्मन लढाईत बसऱ्यास जाऊन आले, त्यांस पंच नेमावे. हवालदारांनी येताच गोळ्यांची पेटी दूर माडाच्या बुंध्याशी ठेवविली, आणि पिस्तुलाचे तोंड निर्मनुष्य समुद्राकडे केले, आणि आत गोळी नाही हे डोळ्यांनी पाहिले, मग बोटाने चाचपले, मग सारंगांसही चाचपावयास लावले. कारण बसऱ्यास त्यांचा एक कान नेला तो रिकाम्या म्हणविलेल्या बंदुकीनेच. मग घोडा चढविला, कळ लावली आणि चाप ओढला. घोडा हलला नाही. पुन्हा ओढला, तरी हलला नाही. सारंगांनी मिशीवर हात फिरविला आणि पाऊल उचलले.

तेव्हा बाईसाहेब बोलल्या, "तुमच्या हातातला चष्मा दिवसातून दोनदा पडतो. ह्या पडला तर काय होईल, ता आधी दाखवा."

सारंग म्हणाले की, हत्यार म्हणजे चष्मा नव्हे. परंतु हवालदारांस मुद्दा पटला, आणि त्यांनी ओटीवर गोधडीची घडी घालून वर रिकामे पिस्तूल ठेविले, आणि घोडा चढवून कळ लावून, कपडे धुण्याची मोगरी घेऊन, नारळ पारखावा इतक्या हलक्या हाताने पाठीवर एक ठोका दिला.

खट् जाहले. चापास कोणी शिवले नव्हते, कळ लावलेली होती, आणि घोडा पडला होता.

हवालदारांनी पुन्हा घोडा चढवून, कळ लावून ठोकून पाहिले. पुन्हा खट्. दुकानदाराची कळ दिखाऊ ठरली. बाईंनी नातीस उचलून कडेवर घेतले, आणि सारंगांच्या तोंडचे पाणी पळाले, आणि ते ओटीच्या कडेस मटकन बसले. खाली मान घालून म्हणाले, "बोटीवर ह्या भरलेला होता. घोडा चढवून, कळ लावून, कमरेला. बोट हलत होती, आणि शेजारी एक बाई दोन पोरां घेऊन निजली होती. बंदरात उतरल्यावर गोळ्या काढल्या मी."

बाईंस रागावण्यास मोठी संधी होती. ती त्यांनी सोडली, पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेविला आणि जवळ बसल्या.

दुसरे दिवशी सारंग रिकामे पिस्तूल पेटीत बंद करून, गोळ्या हवालदारांचे हवाली ठेवून, माघारी मुंबईस रवाना जाहले. दुकानदाराने प्रथम हसून उडविले. मग सारंगांनी त्याच्याच गल्ल्याशेजारी त्याच्याच हातोडीने परीक्षा करून दाखविली, आणि त्याचे हसू मावळले. त्याने कळ नवी बसवून दिली, आणि त्याच जातीची उरलेली पिस्तुले कपाटातून काढून विक्री बंद केली. परंतु बोटीवरची ती दोन पोरे सारंगांच्या डोळ्यांपुढून हलेनात, आणि पंधरवडाभर त्यांस अन्न गोड लागले नाही.

पौष शुद्ध पंचमीस ओटीवर पुन्हा गोधडी पसरली, आणि वर घोडा चढवून कळ लावलेले रिकामे पिस्तूल ठेविले. हवालदारांनी पाच ठोके दिले, घोडा अढळ. बाईंनी पदर खोचून सात दिले, आणि त्या सातांत तीस वर्षांचा संसार उतरला होता. तरी घोडा अढळ. मग बाईंनी मोगरी सारंगांपुढे धरली आणि म्हणाल्या, "आता तुम्ही."

सारंगांनी मोगरी घेतली. त्यांनी डोळे मिटून ठोका दिला, मग कानोसा घेतला, मग डोळे उघडले. घोडा जागच्या जागी होता.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पिस्तूल उंबरठा ओलांडून कुलपात पडले, किल्ली बाईसाहेबांचे कमरेस गेली, आणि त्या दुपारी सारंगांनी पंधरवड्यात प्रथमच दुसऱ्यांदा भात मागून घेतला, हे पंचांसमक्ष दफ्तरी दाखल केले असे.