लोखंडेकाकांना शिळं चालत नाही

आमच्या शेजारच्या लोखंडेकाकांना जुनं गाणं चालत नाही. चालत नाही म्हणजे नुसतं आवडत नाही असं नव्हे. एखाद्याला शेंगदाणे चालत नाहीत, खाल्ले की अंगावर पित्त उठतं, तसं चालत नाही. लिफ्टमध्ये कुणाच्या मोबाइलवर पाच-सात वर्षांपूर्वीचं गाणं वाजायला लागलं, तर काका मधल्याच मजल्यावर उतरतात आणि उरलेले जिने गुडघे धरून चढतात.

काकांचं वय अडुसष्ट. या वयाच्या माणसाने संध्याकाळी बाकावर बसून, हल्लीच्या गाण्यांत काही राम राहिला नाही, असं म्हणायचं असतं. मोशीच्या आमच्या सोसायटीतले बाकीचे ज्येष्ठ नागरिक ते काम इमानाने करतात. काका मात्र त्याच बाकावर बसून, परवा शुक्रवारी आलेलं गाणं ऐकलं का, असं विचारतात. कुणी ऐकलेलं नसतं. मग काका ते म्हणून दाखवतात.

मूळचे बीडकडचे. तरुणपणी पिंपरीत एका कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये लागले, ते रिटायर होईपर्यंत तिथेच. पत्र्यावर आदळणाऱ्या प्रेसच्या आवाजाने कान थोडे अधू झालेत. त्यामुळे त्यांच्या फ्रिजवरचा रेडिओ ते ऐकतात त्या आवाजात आमच्या घरातही पूर्ण ऐकू येतो. नवी गाणी लावणारं एकच स्टेशन, सकाळी सहापासून. माझी मुलगी त्या गाण्यांवर दात घासते. मी चाकणला एका कंपनीच्या परचेसमध्ये आहे, सकाळी बस पकडायची असते. कुठली जाहिरात लागली की घराबाहेर पडायचं, हे मला पाठ झालंय.

गाण्यातले निम्मे शब्द पंजाबी असतात, निम्मे इंग्रजी. काकांचं त्यावाचून अडत नाही. शब्द कळला नाही की ते तिथे आपल्या ओळखीचा शब्द बसवतात. नायक एका सुंदर मुलीला 'सोनी कुडी' म्हणत असतो, काका मात्र गॅलरीत झाडांना पाणी घालत 'सोन्या, कुदळ दे' असं रंगात येऊन गातात. रॅप तर त्यांचा विशेष आवडता. तो ते भारुडाच्या चालीवर म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मूळपेक्षा तो ठसक्यात लागतो.

गाणं जुनं कधी होतं याचा त्यांचा हिशेब भाजीमंडईतला आहे. गाणं आलं त्या आठवड्यात कोवळं, महिनाभर ताजं, मग निबर. चार महिने झाले की शिळं. एकदा मी म्हटलं, काका, चार महिन्यांत गाणं शिळं कसं होईल? तर त्यांनी मलाच विचारलं, "मॅडम, दिवाळीचा चिवडा तुमी होळीला खाता का?"

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर शनिवारी देशपांडे नावाचे निवृत्त बँक अधिकारी कराओके भरवतात. पडद्यावर शब्द, मागे वाद्यं, समोर माइक. सगळे काळ्या-पांढऱ्या जमान्यात रमतात. एकदा देशपांड्यांनी काकांना आग्रहाने बोलावलं आणि माइक हातात देऊन कुठलं गाणं लावू, म्हणून विचारलं. काकांनी त्याच आठवड्यात आलेलं गाणं मागितलं. ते यंत्रात नव्हतं. मग मागच्या आठवड्यातलं मागितलं. तेही नव्हतं. काकांनी माइक परत दिला, सगळ्यांना नमस्कार केला आणि 'तुमचा शिळोपा चालू द्या' म्हणून ते निघाले. शिळोप्याच्या गप्पा आपण सगळेच मारतो, पण शिळ्या गाण्यांना शिळोपा म्हणणं हे काकांचं. पुढे हा शब्द सोसायटीत इतका रुजला, की देशपांड्यांच्या पत्नीसुद्धा 'हे शिळोप्याला गेलेत' असं सांगायला लागल्या.

या सगळ्यात काकू कुठे दिसत नसत. गोऱ्या, ठेंगण्या, कायम नीट पदर घेतलेल्या काकू दारापर्यंत येत, हसत आणि 'जेवलात का?' विचारत. कधी पाच मिनिटांत दोनदा विचारत. मराठवाड्याकडची माणसं अगत्यशील असतात, असं मी घरी सांगितलं होतं. दार उघडं राहिलं की आतून त्यांचा आवाज येई. रेडिओवर मिहीर नावाचा निवेदक 'काय म्हणता पिंपरी-चिंचवडकर?' असं विचारायचा, त्याला काकू मनापासून उत्तर द्यायच्या. बरं चाललंय म्हणायच्या. पाणी देऊ का म्हणायच्या.

भांडण लागलं ते याच मिहीरशी. झालं असं, की त्या स्टेशनने दुपारी एक ते दोन जुन्या गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला. 'मागे वळून' असं त्याचं नाव. काकांनी पहिल्याच दिवशी स्टेशनला फोन लावला. तो स्टेशनवाल्यांनी रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी त्याच कार्यक्रमात ऐकवला. मी कंपनीच्या कँटीनमध्ये जेवत होते. तिथल्या स्पीकरवर तेच स्टेशन असतं. आणि वरणभाताचा घास तोंडात असताना माझ्या कानावर आमच्या शेजारचा आवाज आला. "लेकरा," काका म्हणत होते, "सकाळपासून चांगलं ताजं वाढायलास, मग ऐन जेवणाच्या टायमाला शिळं कशाला काढतूस?"

कँटीनमध्ये हशा पिकला. मिहीरने विचारलं, काका, तुमच्या तरुणपणीचं एखादं गाणं लावू का? काका म्हणाले, तरुणपणी मी प्रेसवर होतो, तिथं एकच गाणं वाजायचं, धडाम. मी शेजारच्या टेबलावर अभिमानाने सांगितलं, की हे माझे शेजारी आहेत. गंमत म्हणजे माझ्या समोर बसलेली नेहा, चोवीस वर्षांची ट्रेनी, तिला मात्र काकांचा राग आला. ही आमच्या शाळेतली गाणी आहेत, ती शिळी कशी, असं म्हणून तिचे डोळे भरून आले. चोविसाव्या वर्षी माणसाला मागचं एवढं आठवतं, आणि अडुसष्टीतला माणूस मागे बघायला तयार नाही. मला त्या वेळी यात नुसती मौज वाटली.

काका रोज फोन करू लागले आणि स्टेशन ते रोज ऐकवू लागलं. 'ताजे काका' म्हणून त्यांचं नाव झालं. रिक्षावाले ओळखायला लागले. मोशीतल्या भाजीवालीने त्यांना ताजी मेथी देताना, शिळोपा नाही हो, असं सांगितलं. दुपारी एकला मात्र काका नेमाने रेडिओ बंद करत. आमच्या मजल्यावर एकदम शांतता पसरली, की घड्याळ न बघता एक वाजला असं समजायचं.

आणि या प्रसिद्धीनेच घात केला. काकांच्या फोनमुळे कार्यक्रम भलताच गाजला, आणि स्टेशनने जाहीर केलं, की आता दर रविवारी दिवसभर 'मागे वळून'.

काका त्या संध्याकाळी आमच्याकडे आले. बसा म्हटलं तरी बसेनात. तुम्ही ऑफिसातल्या आहात, त्यांना इंग्रजीत समजावून सांगा, असं म्हणाले. मी त्यांच्यासमोरच फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, की जुन्या गाण्यांना फार मागणी आहे, आणि ज्येष्ठांना तर ती आवडायलाच हवीत. मी काकांना म्हटलं, आठवड्यातून एका दिवसाचा तर प्रश्न आहे, मोबाइलवर हवी ती नवी गाणी लावा. ते म्हणाले, मोबाइलवर माणूस बोलत नाही. मिहीर बोलतो. मग चपला पायात सरकवून निघून गेले. हा हट्ट जरा जास्तच होतोय, असं माझा नवरा म्हणाला, आणि मलाही तसंच वाटलं.

पहिला रविवार आला. सकाळपासून शेजारी रेडिओ बंद. मुलीने दात उशिरा घासले. अकराच्या सुमाराला मी कपडे वाळत घालत होते, तर भिंतीपलीकडून चक्क जुनं गाणं ऐकू यायला लागलं. तेही पुऱ्या आवाजात, आमच्या लग्नाच्याही आधीचं. काका हरले, असं म्हणत, त्यांची थट्टा करायला मी हसतच दार उघडलं.

बाहेर लिफ्टसमोर काकू उभ्या होत्या. केस नीट विंचरलेले, पायात चपला, हातात पितळी कडीचा डबा. लिफ्टच्या बटणाकडे त्या बघत होत्या, पण दाबत नव्हत्या. मला बघून त्यांना हायसं वाटलं.

"हे पुढं गेले का हो?" त्यांनी विचारलं. "डबा राहिला. कंपनीची गाडी नाक्यावरून सुटंल आता." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुम्ही नवीन राहायला आलात का चाळीत?"

आम्ही चार वर्षं शेजारी राहतो. मी त्यांचा हात धरला, तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि काका भाजीची पिशवी घेऊन बाहेर आले. त्यांनी काकूंना पाहिलं, डबा पाहिला, उघड्या दारातून येणारं गाणं ऐकलं. मला वाटलं, ते आता रागावतील किंवा घाबरतील. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि डबा काकूंच्या हातातून घेतला.

"बरं झालं आनलास," ते म्हणाले. "मी इसरूनच चाललो होतो."

"आज ओव्हरटाइम करू नका," काकू म्हणाल्या.

"बघतो."

आणि ते आल्या लिफ्टने परत खाली गेले. दार बंद होता होता त्यांनी मला रेडिओची खूण केली. मी आत जाऊन तो बंद केला. काकू सोफ्यावर बसल्या आणि पिशवीतली मेथी निवडायला मागू लागल्या. नवऱ्याला हाक मारून मी त्यांच्याजवळ बसवलं आणि खाली गेले.

काका पार्किंगमध्ये वॉचमनच्या खुर्चीवर बसले होते, डबा मांडीवर. मला बघून ओशाळल्यासारखं हसले.

मी बाहेर गेलो तेवढ्यात तिनं रेडिओ लावला, ते म्हणाले. तो मिहीर बोलत नव्हता ना सकाळपासून, म्हणून लावला असेल. तीन वर्षं झाली होती काकूंना विसर पडायला लागून. डॉक्टर झाले, औषधं झाली. नवं काही आठवत नाही, जुनं सगळं जागेवर आहे.

मी म्हटलं, काका, पण जुन्या गाण्यांनी अशा माणसांना बरं वाटतं म्हणतात.

"वाटतं की. लई खूश होती," काका म्हणाले. "गानं लागलं की थेट कासारवाडीच्या चाळीतल्या खोलीत जाती. मी म्हनलं असतं, जाऊ दे. पन तिथं मी न्हाई ना, मॅडम. तिथं मी ड्युटीवर आसतो. तिथं ती दिवसभर एकटीच वाट बघती."

वॉचमन आमच्याकडे बघत होता. काकांनी चाळा म्हणून डब्याची कडी काढली. वरच्या पुडात दोन पोळ्या होत्या. खालच्या पुडात टीव्हीचा रिमोट. परवापासून हाच शोधतोय, म्हणून काका खरंच हसले आणि त्यांनी तो खिशात टाकला.

"नव्या गान्याचं तसं नसतं," ते सांगायला लागले. "तिला बी म्हाईत नसतं, मला बी म्हाईत नसतं. दोघं सारखेच. मी चुकीचं म्हनलं की ती हसती. उद्या इसरती, मग परत हसती."

मग मी म्हटलं, चला वर.

"थांबा जरा," काका म्हणाले. "इतक्यात शिफ्ट सुटत न्हाई."

आम्ही तिथे थांबलो. त्यांनी एक पोळी मला दिली, एक स्वतः खाल्ली, डबा रिकामा करून नळाखाली खंगाळला. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. वर आल्यावर किल्ली खिशात असूनही त्यांनी स्वतःच्या घराची बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं. मागे मेथीचा ढीग, आणि त्यात बसलेला माझा नवरा.

"लवकर सुटलात?" काकूंनी विचारलं.

"सायेबानं ओव्हरटाइम दिला होता," काका म्हणाले. "मी म्हनलं, जमनार न्हाई. घरी वाट बघतेत."

काकूंनी रिकामा डबा हातात घेतला. त्यांचा चेहरा असा काही फुलला, की माझा नवरा मेथी तशीच टाकून उठला आणि मला म्हणाला, चल, आपण निघू.