लाकडाला लाकूड

हवालदार शिंदे कुणाच्याही घरी गेले की आधी घरातल्या लाकडाला टिचकी मारत आणि मग माणसांना नमस्कार करत. दाराची चौकट, कपाट, पाट, जे हाताशी येईल त्यावर बोटाने टकटक करायचं, कान लावायचा आणि निकाल द्यायचा. "मुकं हाय." किंवा, "बोलतंय बरं का हे." आमचं कपाट मुकं निघालं. ते माझ्या बायकोच्या माहेरून आलेलं असल्यामुळे हा निकाल घरात सांगायची माझी छाती झाली नाही.

हवालदार मूळचे कडेगावकडचे. लढाई संपल्यावर इटलीहून परतले ते एक गिटार घेऊन. दोन जोड गरम मोजे आणि बिस्किटांचा डबा देऊन तिथल्या कुणा शेतकऱ्याकडून घेतलेली. नंतर ते साताऱ्यात आमच्या पेठेत राहायला आले. पेठेत गिटार तोवर कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे लोक तिला विलायती सतार म्हणत. पुढे एक तार तुटली तेव्हा हवालदारांनी मिरजेच्या कारागिराकडून खरोखरच सतारीची तार बसवून आणली.

दर रविवारी सकाळी नानासाहेब वकिलांच्या माडीवर आम्हा हौशी वादकांची बैठक भरत असे. वकिलांच्या दोन सतारी, माझी पेटी आणि हवालदारांची गिटार. वादक म्हणायचं ते आपलं म्हणायला. आम्ही वाजवत कमी आणि बोलत जास्त. तार कुठली चांगली, भोपळा कुठला, पावसाळ्यात खुंटी का सरकते, यावर दोन तास सहज जात. मग चहा येई आणि वाजवायचं राहून जाई. वकिलांची एक सतार तर मी तीन वर्षांत गवसणीबाहेर पाहिली नव्हती. ती मुरते आहे, असं ते सांगत. मीही माझ्या पेटीच्या भात्यावर तासभर बोलू शकत असे. वाजवायला बसलो की पंधरा मिनिटांत बोटं दुखत.

या बैठकीत हवालदारांचा एकच हट्ट असे. गिटारचं खुंट्यांकडचं टोक कुठल्यातरी लाकडाला टेकवल्याशिवाय ते तार छेडत नसत. त्यातही सारा जीव सगळ्यात जाड तारेवर. बारीक तारा नुसत्या नटव्या, असं त्यांचं मत होतं.

"लाकडाला लाकूड लागलं पायजे, पेटीमास्तर. न्हाईतर सूर हवेत जातोय."

"सूर हवेतूनच जायचा असतो, हवालदार," वकील म्हणत.

"तुमचा जातोय वकीलसाहेब. माझा फळीतनं जातोय."

वकिलांच्या माडीवर शिसवी झोपाळा होता. एकदा हवालदारांनी त्याच्या फळीला टिचकी मारली आणि हात तसाच ठेवून कितीतरी वेळ बसले. "लय बोलतीया ही," ते हळूच म्हणाले. "अख्ख्या साताऱ्यात अशी फळी न्हाई." पण पॉलिशवर ओरखडा उठेल म्हणून वकिलांनी तिला गिटार काही टेकवू दिली नाही.

हवालदारांच्या पत्नी, पारूवहिनी, बहिऱ्या होत्या. हवालदार इटलीत असताना वहिनींना विषमज्वर झाला. जीव वाचला, कान गेले. "नवरा गिटार वाजवतो आणि बायको बहिरी, म्हणूनच संसार टिकलाय," असं वकील म्हणत आणि सगळे हसत. मीही हसत असे, हे सांगितलंच पाहिजे.

एका वर्षी पेठेच्या गणपतीत हवालदारांनी वाजवावं असं ठरलं. त्यांनी कबूल केलं, पण अट घातली. दगडी ओट्यावर लांब फळी टाकायची आणि तिचं दुसरं टोक बायकांच्या बाजूला गेलं पाहिजे. वकील उत्सवाचे अध्यक्ष. ते भडकले. "हा गणपती आहे, लाकडाची वखार नाही."

"मग मी न्हाई वाजवत," हवालदार म्हणाले आणि घरी गेले. इकडे 'विलायती वाद्याचा अपूर्व कार्यक्रम' अशी पत्रकं वाटूनही झाली होती. समजूत घालायला मला पाठवण्यात आलं.

दुपारची वेळ. दार उघडंच होतं. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये फळ्यांची भिंत होती. हवालदार अलीकडे बसून तिला गिटारचं टोक टेकवून जाड तार वाजवत होते. पलीकडे, मधल्या दारातून दिसत होतं, पारूवहिनी त्याच भिंतीला पाठ लावून तांदूळ निवडत होत्या. आणि गात होत्या. जात्यावरची ओवी. सूर इकडेतिकडे जात होता, ठेका मात्र तारेबरोबर नेमका पडत होता.

मला पाहून हवालदार थांबले. तशी आतली ओवीही थांबली.

"लगीन झालं तवा रोज जात्यावर गायची," ते म्हणाले. "लढाईवरनं आलो तर घरात गाणंच न्हाई. एक दिस गिटार भितीला ठेवताना तार वाजली, तर ही आतनं उठून आली, काय वाजलं बघाया. तवापास्नं लाकूड हुडकतोय." मग म्हणाले, "चारचौघींत जायाला लाजती ओ. एकदा तरी चार बायकांत बसून तिनं ऐकावं. एवढंच हाय माझं."

मला माझीच लाज वाटली. समजूत घालायची तशीच राहिली. मी तडक वकिलांकडे गेलो आणि पाहिलं ते सांगितलं. वकील नुसता चष्मा पुसत बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन हमाल त्यांच्या झोपाळ्याची फळी घेऊन ओट्याशी आले. मागून वकील स्वतः चालत होते आणि पॉलिश सांभाळा म्हणून त्यांच्यावर ओरडत होते.

फळीच्या एका टोकाला हवालदार, दुसऱ्या टोकाला चार बायकांच्या मधोमध पारूवहिनी. त्यांनी दोन्ही तळवे फळीवर पालथे ठेवले. हवालदारांनी ओव्या वाजवायला घेतल्या. अजून सूर लावणंच चाललंय असं समजून मागची मंडळी गप्पा मारत होती. आम्ही दर्दी मात्र पुढे बसून माना डोलावत होतो. वकिलांनी दोनदा "वाहवा" म्हटलं.

वाजवणं थांबलं. टाळ्या पडायच्या आत पारूवहिनी बोलल्या. आपण किती मोठ्याने बोलतो हे त्यांना कळत नसे.

"आवं, दुसऱ्या ओवीला जात्याचा एक फेरा गाळलासा की."

आम्हा दर्दींपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. वकिलांनी डोलणारी मान सावकाश थांबवली.

हवालदारांचा चेहरा असा फुलला होता की शाबासकी मिळालेल्या माणसाचाही तसा फुलत नाही. बायकोला दिसावं म्हणून त्यांनी मान चांगली खालीवर हलवली. "व्हय," ते म्हणाले, "गाळला."

"मग परत घ्या," पारूवहिनी म्हणाल्या आणि तळवे पुन्हा फळीवर ठेवून बसल्या.